मुकादमाच्या उंचीवरून

आमच्या कुत्र्याचं मुकादम हे नाव मी ठेवलं. नवरा कामाला बसला की हा समोर पंजे पसरून बसायचा, एका खिळ्यालाही मदत करायची नाही आणि तोंडावर मात्र अशी नाराजी, की सगळं काम ह्याच्याच पैशानं चाललंय. नवरा सुतार. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मिस्त्रींनी रंधा हातात घेतला की मुकादम जांभई द्यायचा. दोघांचं छान जमायचं.

लेक न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचा पाय मोडला, म्हणून मला तिच्या गावी जावं लागलं. निघताना मी मिस्त्रींना म्हटलं, "मुकादमाकडे लक्ष ठेवा." मग मुकादमाला म्हटलं, "ह्यांच्याकडे लक्ष ठेव." दोघांनीही मान दुसरीकडे वळवली.

मी पोचून दोन दिवस होतात न होतात तोच फोन यायला लागले.

"अगं, हा जेवत नाही."

"काय घातलंत त्याला?"

"तू सांगितलंस तेच. भांडं भरून ठेवतो. सकाळी भरलेलं, संध्याकाळीही भरलेलंच. वाळून दगड झालाय नुसता. तू ये."

"कशी येऊ? हिच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर आहे."

"मग ह्याचं काय करू?"

"आणि तुम्ही जेवलात का?"

"माझं काय घेऊन बसलीस? मुक्या जिवाचं बोल."

मुकादमाचं वय झालेलं. ह्या वयात कुत्र्यानं अन्न सोडलं की ते पुन्हा उठत नाही, हे आम्ही आधीच्या कुत्रीच्या वेळी पाहिलं होतं. इकडे जावई शिफ्टवर गेले की लेकीला धरून उठवायला घरात माझ्याशिवाय कोणी नाही. एक पाय इथं, एक पाय तिथं, अशी माझी अवस्था. लेकीचा तर एकच मोडला होता.

जावयांनी तोड काढली. कुत्र्यामांजरांवर घरात नजर ठेवायचा एक लहानसा कॅमेरा त्यांनी मिस्त्रींना पाठवला आणि माझ्या फोनवर त्याचं अ‍ॅप टाकून दिलं. त्यावर पंजाचं चित्र. पंजा दाबला की घरातला कुत्रा दिसतो. भोंग्याचं चित्र दाबलं की आपला आवाज तिकडे ऐकू जातो.

"बाबा, फार काही नाही," लेकीनं फोनवर समजावलं. "मुकादम दिसेल असा भिंतीवर लावा फक्त."

दुसऱ्या कोणी तो फळीवर ठेवला असता. मिस्त्रींनी आधी मुकादमाची उंची मोजली. मग उरलेल्या सागवानाचा तुकडा काढला, कॅमेऱ्याला छोटंसं खोकं केलं, वर छपरासारखा उतार दिला, पॉलिश मारलं आणि जमिनीपासून वीतभर वर, मुकादमाच्या नाकासमोर, ते स्क्रूनं पक्कं बसवलं. ज्याची वस्तू त्याच्या मापाची, हा त्यांचा जन्मभराचा नियम.

आम्ही पंजा दाबला तेव्हा आधी फोनभर ओलं काळं नाक दिसलं. नाक बाजूला झालं. मग टेबलाचे चार पाय, खुर्चीचे चार पाय, भरलेलं भांडं आणि गुडघ्यापासून खालचे मिस्त्री. एवढा संसार केला, पण नवऱ्याचे नुसते पाय इतक्या निवांतपणे मी कधी बघितले नव्हते. एक मोजा त्यांचा होता, एक माझा.

"अहो, जरा वर लावा ना!"

"वर? मुकादम भिंतीवर चढतो का?"

"तुम्ही दिसत नाही."

"मला कशाला दिसायला हवं? कुत्र्याचं अ‍ॅप आहे ना ते? शिवाय स्क्रू बसवून झालेत. आता काढले की भिंतीची चाळण होईल. ते जमायचं नाही."

ते अ‍ॅप मोठं बोलकं निघालं. मधूनच फोन टिंग करायचा आणि लेक मला मोठ्यानं वाचून दाखवायची. "तुमचा लाडका येरझाऱ्या घालतो आहे." आम्ही घाईघाईनं बघितलं. मुकादम टेबलाखाली घोरत होता. मिस्त्रींचे पाय चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत चालले होते. थोड्या वेळानं पुन्हा टिंग. "तुमचा लाडका दाराशी वाट पाहतो आहे." मुकादमानं कूस बदलली होती, बाकी काही नाही. दाराशी माझा मोजा उभा होता.

"ह्याला दोन पाय आणि चार पाय ह्यांतला फरकच कळत नाही," लेक म्हणाली. "तक्रार करू का गं अ‍ॅपवाल्यांकडे?"

"राहू दे," मी म्हटलं. "फार काही चुकत नाहीये."

दुपारी ताट ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. मुकादम ताडकन उठला. अन्न सोडलेलं जनावर असं उठत नाही. तो टेबलाखाली जाऊन वर तोंड करून बसला. वरून मिस्त्रींचा हात खाली आला. हातात उकडलेला बटाटा. मुकादमानं तो अदबीनं घेतला. हात वर गेला, पुन्हा खाली आला. अंड्यात बुडवलेला पाव. मग आणखी पाव. मग अख्खं अंडं. शेवटी हात रिकामाच आला, तो मुकादमानं चाटून पुसून स्वच्छ केला.

मग वरून मिस्त्रींचा काळजीचा आवाज आला, "आजही भांड्याला तोंड लावलं नाहीस रे. कसं व्हायचं तुझं?"

मी भोंगा दाबला. "हात वर घ्या आधी!"

गुडघा टेबलावर आपटला. पेला खाली पडून फुटला. मुकादम भिंतीकडे तोंड करून भुंकायला लागला.

"कोण आहे?" मिस्त्री ओरडले. पायांवरून कळत होतं, ते वरच्या फळ्या शोधत होते.

"मी आहे!"

"कुठं?"

"खाली!"

पाय सावकाश कॅमेऱ्याकडे वळले.

"टेबलाखालचं बघतेस?" मिस्त्री म्हणाले.

"तिथंच लावलाय तुम्ही. कुत्रा जेवत नाही म्हणत होतात ना?"

"जेवत नाही म्हणूनच भरवतो."

"तुम्ही भरवता म्हणून तो जेवत नाही! तुमचं सगळं ताट त्याच्या पोटात गेलं. मग तुम्ही काय खाता?"

"चहा घेतो की."

"आणि?"

"तो असा बघत बसतो, की एकट्यानं खाववत नाही. आणि तू काय मला नजरकैदेत ठेवलंयस? ह्या वयात टेबलाखालून पहारा?"

पाय तरातरा जवळ आले. पॉलिशचं फडकं आलं आणि कॅमेऱ्यावर पडलं. फोनवर सगळं तपकिरी झालं. टिंग. "तुमचा लाडका दिसत नाही."

मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. मला मुकादमाची काळजी राहिली नव्हती, तो बटाटे खाऊन माजला होता. पण नुसत्या चहावर हातात करवत धरणारा माणूस, चक्कर येऊन त्याच करवतीवर पडला तर? मी बॅग काढली.

"जा आई," लेक म्हणाली. "माझं मी बघेन. सरकत सरकत जाते बघ." आणि दाखवायला म्हणून ती उठलीसुद्धा. एका पायावर दारापर्यंत गेली, तोल गेला, तिनं पडदा धरला. पडदा दांडीसकट खाली आला. मी तिला कशीबशी खाटेवर आणून बसवली. दोघी त्या दांडीकडे बघत राहिलो.

"ही बाबांनी बसवलेली नाही," लेक म्हणाली.

मी फोन पुन्हा हातात घेतला. अ‍ॅपनं सल्ला दिलेला होताच: लाडक्याशी मऊ आवाजात बोला, रागावू नका. मिस्त्रींशी मऊ आवाजात बोलायची मला सवय नव्हती, त्यांना ऐकायचीही नव्हती. मी भोंगा दाबला आणि मुकादमाशी बोलले.

"मुकादमा, ऐकतोस ना? तुझे मिस्त्री रागावलेत. रागावू देत. पण ते उपाशी राहिले तर मला हिला सोडून यावं लागेल, आणि ही इथं पडदे धरून चालते. माझे दोन तुकडे करता येत नाहीत रे. आणि त्यांना वाटत असेल, मी इकडे मजेत जेवते. मलाही घास उतरत नाही. ही आणि जावई जेवताना आपापल्या फोनमध्ये बघतात. मीठ जास्त पडलं, भात चिकट झाला, असं बोलणारं कोणी नाही. काही बोलत नसेल समोरचा, तर आपण काय शिजवलं तेच कळत नाही."

खाली हुंगल्याचा आवाज आला. तपकिरी रंग हलला, ओढला गेला, आणि उजेड झाला. फडकं मुकादमाच्या तोंडात होतं. त्याच्या मागे, अगदी जवळ, मिस्त्रींचे पाय उभे होते. आत्ता आलेले पाय असे उभे राहत नाहीत. ते बऱ्याच वेळचे तिथंच असणार.

मग गुडघे वाकले. कडकड आवाज झाला. एक हात टेबलाच्या पायाला आला, आणि मिस्त्री हप्त्याहप्त्यानं खाली उतरले. आधी पोट, मग चुकीच्या काजात घातलेलं सदऱ्याचं बटण, शेवटी चेहरा. गालावर पांढरे खुंट वाढलेले. जमिनीवर मुकादमाशेजारी मांडी घालून बसले आणि कॅमेऱ्याकडे संशयानं बघायला लागले.

"दाढी का केली नाही?" मी विचारलं.

"तू कुत्र्याशी बोलत होतीस ना? त्याला विचार."

"ताटात आहे का काही शिल्लक?"

"पातेल्यात बटाटे आहेत." त्यांनी हात वर करून टेबलावरचं पातेलं ओढलं. मुकादमानं लगेच मान घातली. मिस्त्रींनी कोपरानं त्याला सारलं. "तुझं तिकडे आहे." मुकादमानं त्यांच्याकडे, मग माझ्याकडे असं पाहिलं, की हे काम त्याला मुळीच पसंत नाही. मग गेला आपल्या भांड्याकडे आणि तो दगड कुरकुर आवाज करत खायला लागला.

मिस्त्रींनी बटाटा हातात घेतला, पण खाईनात.

"आता काय झालं?"

"तू दिसत नाहीस मला."

"ह्यात इकडूनच दिसतं."

"मग तू जेवतेस की नाही, मला काय कळणार?"

मी आत जाऊन ताट वाढून आणलं, फोनसमोर बसले आणि चमचा ताटावर आपटला. "आलं ऐकू?"

"आलं," म्हणाले आणि अर्धा बटाटा तोंडात घातला.

आम्ही जेवायला लागलो. खाटेवरून लेक म्हणाली, "आई, मग बॅग परत कपाटात ठेवू का?" आणि तिनं प्लास्टरचा पाय खाली सोडला.

"जागची हलू नकोस!" आम्ही दोघं एकदम ओरडलो, मी इकडून आणि मिस्त्री तिकडून, तोंडात बटाटा असताना.