पिवळ्या पोशाखाची सकाळ

राणीसाहेबांनी कपाट उघडलं, दुखवट्याच्या काळ्या कपड्यांकडे बघून नाक मुरडलं आणि पिवळा पोशाख उचलला.

"कट!" दिग्दर्शिका ओरडली. "मावशी, बरोबर आहे ना?"

राणीसाहेब म्हणजे अर्थात नटी. मावशी मात्र खरी, राजवाड्यातली जुनी पोशाखवाली. बावीस वर्षं तिने खऱ्या राणीसाहेबांची बटणं लावली होती. पोशाखाशेजारी हातमोजे कसे मांडतात, असल्या बारीकसारीक गोष्टी विचारायला सिनेमावाल्यांनी तिला बोलावलं होतं.

"हातमोजे उजवीकडे," एवढंच ती म्हणाली.

मागे खुर्चीत तिचा नवरा बसला होता. एरवी सिनेमा म्हटलं की कपाळाला आठी घालणारा माणूस, पण आज हट्टाने आला होता. त्या पिवळ्या बाईची अब्रू चव्हाट्यावर आलेली त्याला डोळ्यांनी बघायची होती.

पूल कोसळला त्याला अठरा वर्षं झाली. कामावर निघालेली एकसष्ट माणसं नदीत गेली, त्यांत या दोघांचा एकुलता एक पोरगा. आणि त्याच सकाळी नऊ वाजता राणीसाहेब सज्जात आल्या त्या पिवळ्याधमक, लग्नघरी निघाल्यासारख्या. साऱ्या देशाने त्यांच्या तोंडात शेण घातलं. त्या एका अक्षराने उलटून बोलल्या नाहीत, आणि पुढे तशाच वारल्या. म्हाताऱ्याने मात्र शिव्यांचा रतीब कधी चुकवला नाही. पोराच्या नावाने रडणं त्याला जमलंच नाही, शिव्या तेवढ्या जमल्या. पोशाख राणीसाहेब स्वतः निवडतात, असं बायकोनेच त्याला सांगितलं होतं. एवढं सांगून तिने जी मिठाची गुळणी धरली, ती आजवर.

"आणखी एकदा," दिग्दर्शिका म्हणाली. "आता जरा हसून घ्या. हिला कशाचंच काही वाटत नाही, असं दिसू दे."

नटी हसली. ते हसू मात्र म्हातारीला सोसवलं नाही. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही, आणि जिला ती मांडता येत होती ती इथे हातमोज्यांच्या घड्या घालत बसली होती. ती उठली आणि थेट कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"राणीसाहेब कपाट उघडत नसत. कधीच नाही. मी आदल्या संध्याकाळी पोशाख बाहेर काढून ठेवायचे आणि कपड्यांच्या खोलीला कुलूप घालायचे. किल्ली एकच होती, माझ्या कमरेला."

"मग पिवळा पोशाख?" दिग्दर्शिकेने विचारलं.

"मीच काढलेला. त्या दिवशी शाळेची मुलं भेटायला यायची होती. मुलांना रंग आवडतो. आठ वाजता पुलाची बातमी आली. माझा पोरगा त्याच पुलावरून जायचा हो! मी सुटले धावत, किल्लीसकट. काळे कपडे कुलपात आणि मी नदीवर. ते जाड सागवानी दार फोडेपर्यंत नऊ वाजून गेले असते. खाली लोक जमलेले, राणीसाहेब दोन शब्द बोलतील म्हणून."

नटीने हातातला पिवळा पोशाख खाली ठेवला.

"चार दिवसांनी किल्ली द्यायला गेले. चिटणीस म्हणत होते, खरं काय ते छापून टाकू. राणीसाहेब म्हणाल्या, 'तिचा मुलगा गेलाय. तिचं नाव कुठेही येणार नाही.' त्यांनी मला आपल्या खुर्चीत बसवलं. माझं रडून होईपर्यंत त्या उभ्या होत्या."

दिग्दर्शिका भराभर लिहून घ्यायला लागली. म्हातारीचं तिकडे लक्षच नव्हतं. मागे वळून बघायचा तिला धीर होत नव्हता. अठरा वर्षं तिला भीती वाटली होती ती याच घडीची.

म्हातारा तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला राग काढायला कुणीतरी हवं होतं. चूक माझी आहे म्हटलं असतं, तर आपला संसार टिकला असता का?"

आता आपली पाळी, म्हणून ती मान खाली घालून थांबली. शिव्या आल्या नाहीत.

"मग आता मी कुणाला शिव्या देऊ गं?" तो म्हणाला, आणि सगळ्यांदेखत पोराला हाका मारमारून रडायला लागला.