बाहेरून लावलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी काळी पट्टी आहे. डोळ्यांवर बांधायची. माझं इलॅस्टिक आता सैल पडलंय, नाकाजवळची शिवण उसवली आहे, म्हणून मला कोणी बांधत नाही. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या आत उजेडाचा एक कणही शिरत नसे.

शिरूरला एक लहानसं प्रशिक्षण केंद्र आहे. नजर गेलेल्या माणसानं पांढरी काठी घेऊन एकट्यानं कसं चालावं, रस्ता कसा ओलांडावा, स्वयंपाक कसा करावा, हे शिकवणारे शिक्षक तिथे तयार होतात. तिथल्याच शिवणयंत्रावर माझा जन्म झाला. छत्रीचं कापड दुहेरी घेतलं, आत कापसाची पातळ गादी घातली आणि मी तयार झाले. शिक्षक होऊ पाहणाऱ्या डोळस मुलामुलींनी मला बांधून शंभर तास वावरायचं, असा तिथला नियम. म्हणजे माझं काम माणसांना कोंडायचं. ते मला कधीच आवडलं नाही. मला बांधलं की माणसाचा श्वास बदलतो. पापण्या माझ्या अस्तराला आतून धडका देत राहतात.

मी रुपालीच्या वाट्याला आले. रुपाली कासुर्डीची, तेवीस वर्षांची. तिचे आजे-पणजे मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत जायचे. आता घरी शेती आहे, पण तिलाही चार भिंतींत करमत नसे. मला बांधल्यावर पहिल्या दिवशी ती व्हरांड्यातच मटकन खाली बसली. तिसऱ्या दिवशी तिनं एक युक्ती शोधली. कपाळ वर ओढलं की मी थोडी सरके, आणि नाकाजवळच्या फटीतून तिला फरशी दिसे. मला ते कळत होतं, पण मी कोणाला सांगणार?

तिचे शिक्षक हनुमंत सर जन्मापासून अंध. तिची पावलं ऐकता ऐकता ते एकदम थांबले.

"रुपाली, तुझी काठी मागं राहतीय आन् पाय म्होरं जातोय. म्होरं काय हाय ते पायाला आधीच कसं ठावं? पट्टी वर गेलीय का?"

"न्हाई, सर."

सर पुढच्या मुलाकडे वळले. रुपालीच्या कपाळाला मात्र घाम फुटला. तो मी टिपला.

प्रशिक्षणाच्या शेवटी प्रत्येकानं एका माणसाला घरी जाऊन शिकवायचं होतं. रुपालीला खुटबावच्या कस्तुराबाई मिळाल्या. वय छप्पन्न. काचबिंदूनं चार वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली होती. मुलगा दत्ता कंपनीत कामाला, सून रोपवाटिकेत. दत्ता आईवर जीव टाकणारा. नजर गेल्यावर सुरुवातीलाच कस्तुराबाई एकट्या बाहेर पडल्या, पाटात पडल्या आणि हात मोडून घेतला. तेव्हापासून कामावर जाताना तो दाराला बाहेरून कडी लावी. आत पलंगापासून मोरीपर्यंत त्यानं नायलॉनची दोरी बांधली होती. जेवण, पाणी, रेडिओ, सगळं पलंगाजवळ. गावात सगळे त्याचं कौतुक करत.

रुपालीनं काठी पुढे केली. कस्तुराबाईंनी तिला हातही लावला नाही. त्यांनी मला मात्र चाचपून पाहिलं.

"ही बांधून शिकलीस व्हय? किती येळ बांधतीस?"

"दोन-दोन तास, मावशी."

"आन् मग?"

"मग काढते."

कस्तुराबाईंनी मला तिच्या मांडीवर टाकलं. "तू काढतीस. मला काढता येत न्हाई. जा पोरी घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रुपाली पुन्हा दारात उभी राहिली. दत्ता निघायच्या बेतात होता.

"दादा, मलाबी आत ठेवा आन् कडी लावा. संध्याकाळीच काढा."

"डोकं ठिकाणावर हाय ना, ताई?" दत्ता म्हणाला. पण सात वीसची कंपनीची बस होती. त्यानं कडी लावली. रुपालीनं मला घट्ट बांधलं.

मित्रांनो, तो दिवस मी विसरले नाही. पहिल्या तासात तिनं पाण्याचा तांब्या लवंडला. मग दोरी धरून मोरीकडे जाताना गुडघा आपटून घेतला. दुपारी पत्रा तापला. तिचा श्वास आखूड होत गेला. ती चाचपडत दाराशी गेली आणि दोन्ही हातांनी दार ढकलू लागली.

"मावशी, मला बाहेर जायचंय."

"कडी बाहेरनं हाय."

तिची बोटं माझ्या कडेखाली शिरली. इलॅस्टिक ताणल्याचा आवाज कस्तुराबाईंनी ऐकला.

"काढ की. तुला कोन अडवतंय?"

बोटं तिथेच राहिली. कितीतरी वेळ. मग हळूहळू ती माझ्यापासून सुटली. माझं अस्तर ओलं झालं होतं.

कस्तुराबाई उठल्या. त्यांनी तिचा हात धरून भिंतीवर टेकवला. "हितं ऊन लागलं की बारा वाजले समज. ही भिंत गार पडाय लागली की चार. तेवढं धरून बसायचं."

रुपाली त्यांच्याजवळ बसली. भिंत गार पडू लागली तेव्हा तिनं विचारलं, "मावशी, बाहेर सोडलं तर कुठं जाल?"

"गिरनीत," कस्तुराबाई लगेच म्हणाल्या. "सून दळून आनती ते रव्यावानी असतंय. चार वर्सं पातळ भाकरी खाल्ली न्हाई. पन ती बिचारी राबराब राबती, तिला कसं बोलू?"

संध्याकाळी दत्तानं कडी काढली. रुपालीनं मला सोडलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"दादा, तुमी बसा आता. अर्धा तास."

तो हसत हसत तयार झाला. त्याच्या कपाळाला कंपनीतल्या तेलाचा वास होता. कडी लागली. थोडा वेळ तो गाणं गुणगुणत होता. मग पलंगाला धडकला आणि गाणं थांबलं.

"आई?"

कस्तुराबाई बाहेर ओट्यावर बसल्या होत्या.

"आई! ताई! हाय का कुनी?"

दहा मिनिटंही झाली नसतील, तो दारावर धपाधप हात मारू लागला. "कडी काढा! आवं, कडी काढा!" मला ओढून काढायचं त्याला सुचलंच नाही.

दार उघडल्यावर तो उंबऱ्यातच बसला. मी अजून त्याच्या डोळ्यांवर होते.

"तू कवा बोलली का न्हाईस, आई?"

"तू मायेनं लावत हुतास. मायेला कसं म्हनू, सोड म्हनून?"

त्याच संध्याकाळी दत्तानं स्क्रूड्रायव्हर आणून कडीचे स्क्रू काढले. दाराच्या फळीत चार भोकं तेवढी राहिली.

पुढे दोन महिने रुपाली रोज येत होती. डावं पाऊल पुढे पडताना काठी उजवीकडे, उजवं पडताना डावीकडे. आधी अंगण, मग गल्ली, मग डांबरी रस्ता. शेवटी गिरणीचा दिवस आला. कस्तुराबाई खांद्याला दळणाची पिशवी अडकवून एकट्या पुढे. वीस पावलं मागे रुपाली, तिच्या मुठीत मी. ऊसतोडीचा हंगाम होता. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता, त्यावर मोठ्यानं गाणी लावलेली. कस्तुराबाई हळूहळू रस्त्याकडे कलू लागल्या. रुपालीनं हाक मारायला तोंड उघडलं. अगदी जिवावर बेतलं तरच बोलायचं, नाहीतर गप्प राहायचं, असं सरांनी बजावलं होतं. तिनं मला असं आवळलं की माझी शिवण तिथेच पहिल्यांदा उसवली.

काठीचं टोक डांबराच्या कडेला लागलं. कस्तुराबाई थांबल्या. पाऊल मागे घेतलं, दोन्ही ट्रॉल्या जाऊ दिल्या आणि कडेकडेनं चालू लागल्या. गिरणीत पोचल्यावर त्यांनी पिठात बोटं घातली आणि गिरणीवाल्याला सुनावलं, "आजून बारीक कर, बाबा."

शिरूरला परतल्यावर रुपाली आधी हनुमंत सरांकडे गेली. "सर, मी पट्टीखालनं बघत हुते. माझे तास खोटे हायेत."

"मला ठावं हुतं," सर म्हणाले. "तू कवा सांगतीस, त्याची वाट बघत हुतो. आता पुन्ना कर."

तिनं शंभरच्या शंभर तास पुन्हा केले. आज ती शिक्षिका आहे. दौंड आणि शिरूरच्या गावांतून फिरते. तिच्याकडे नव्या पट्ट्या आहेत.

मी केंद्रातल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून असते. अंधाराची मला सवय आहे. तरी कोणी टाचणी शोधायला ड्रॉवर ओढला की बरं वाटतं. मित्रांनो, रस्त्यात पांढरी काठी घेतलेलं माणूस दिसलं तर एकदम दंड धरून ओढू नका. मदत हवी का, ते आधी विचारा. आणि तुमच्या गल्लीत कोणी असं घरात बसून असेल, तर शाळेतून येताना हाक मारा. कुठं जायचंय का, असं विचारा. उत्तर येईपर्यंत मात्र दारात थांबा. फार दिवसांनी कोणी विचारलं, की उत्तर यायला जरा वेळ लागतो.