बबनची एकशे बारा विमानं

उर्मिलाने दोघांना एकाच वेळेला बोलावलं होतं, आणि तेही मुद्दाम. पुण्याच्या एका क्लबचा अभिनव जेसल पार्कला तिच्या घरी आला होता तो तिच्या नवऱ्याचा, बबनचा, अख्खा संग्रह विकत घ्यायला. अंगठ्याएवढी एकशे बारा लढाऊ विमानं, टेबलावर फासे टाकून खेळायच्या हवाई लढाईतली. क्लबच्या काचेच्या कपाटात ती रंगवणाऱ्याच्या नावासकट मांडली जाणार होती. आणि अभिनवच्या समजुतीप्रमाणे रंगवणारे म्हणजे उत्तम भावजी. म्हणून त्यांनाही आमंत्रण.

तसं सगळ्यांनाच वाटायचं म्हणा. बबन वीस वर्षं मान मोडून विमानं रंगवायचा, त्याचा हा दोस्त ती प्रदर्शनात न्यायचा आणि बक्षीस स्वतःच्या नावावर घेऊन यायचा. वर 'मित्रांत कसलं आलंय तुझं-माझं' म्हणायचा. शेवटच्या बक्षिसानंतर बबनने ब्रशला हात लावला नाही. मागच्या वर्षी तो गेला, तर हा गृहस्थ शोकसभेतसुद्धा आपल्याच रंगकामाचं कौतुक सांगत होता! उर्मिलाने तिथेच ठरवलं, याची जिरवायची. नुसतं तोंडाने सांगून कोण विश्वास ठेवणार होतं?

चहा झाल्यावर तिने एक कोरं विमान पुढे सरकवलं.

"भावजी, एवढं एकच रंगवायचं राहिलंय बघा. तुमच्या हातून होऊन जाऊ दे."

"आत्ता? अहो वहिनी, हात कुठे चालतोय आता..."

"काका, प्लीज!" अभिनवने मोबाइल सरसावला. "मी शूट करतोय."

उर्मिलाने एनॅमल रंगाची डबी उघडली. शेजारी ब्रश, पाण्याची वाटी आणि टर्पेंटाइनची बाटली मांडली. उत्तमने घसा खाकरला, ब्रश उचलला, ऐटीत पाण्यात बुडवला आणि तसाच डबीत घातला.

अभिनवचा मोबाइल खाली आला. "काका, एनॅमल आहे तो. त्याला पाणी चालत नाही, टर्पेंटाइन लागतं. हे तर पहिल्याच दिवशी शिकतो माणूस."

पंखावर रंगाच्या गुठळ्या झाल्या होत्या. उत्तम त्या बोटाने पुसायला गेला आणि बोटंही माखून घेतली. उर्मिलाला इतका आनंद झाला, की तिला स्वतःचीच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

"वहिनी, बबन माझा जिवाभावाचा मित्र होता हो," तो हळूच म्हणाला.

"होता ना. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

अभिनवने बॅगेतून कपाटावर लावायचं कार्ड काढलं. "काकू, नाव काय लिहू?"

तिने कार्ड त्याच्याकडून घेतलं आणि पेनासकट उत्तमपुढे ठेवलं.

"भावजी लिहितील. बबन पाष्टे, असं पूर्ण लिहा. आणि खाली साक्षीदार म्हणून तुमची सही."

तो सही करेपर्यंत ती टेबलापासून हलली नाही.