वसिष्ठाची सवत

“काचेले बोट लावू नका पोरींनो, नुसता डोळा लावा!” कोकिळाबाईंचा हा आवाज अजून माझ्या नळीत घुमतो.

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. डोणगावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कोकिळाबाईंनी मला घडवलं. बोअरच्या पाइपाची नळी आणि मुलींनी चार महिने घासून केलेला आरसा. सगळ्यांत जास्त घासलं ते काजलनं. माझ्यातून शनीची कडी पाहून लोक हात जोडत.

काजलच्या लग्नात बाईंनी मलाच आहेर म्हणून दिलं. वैशाखातली संध्याकाळ. गुरुजींनी उत्तरेला वसिष्ठ-अरुंधती दाखवले आणि काजलनं हौसेनं मला मांडवाबाहेर उभं केलं. पहिला डोळा लावला नवरदेवाच्या घरीच राहणाऱ्या त्याच्या आत्यानं, बनाबाईंनी.

“अवं माय! अरुंधती तं तिकडे दूर हाय. मंग वसिष्ठाले चिकटून हे दुसरी कोण?”

“सवत असन, आत्याबाई!” कोणीतरी म्हणालं. अख्खा मांडव हसला.

बनाबाई हसल्या नाहीत. “लग्नात सवत दाखोते! अपशकुनी हाय हे नवरी.”

तेव्हापासून सहा वर्षं मी धाड गावी, काजलच्या सासरी, माळ्यावर पडून. घरात दूध नासलं तरी बोट काजलकडे.

पण मी माघार घेणार नाही. जे आहे तेच मी दाखवलं. वसिष्ठाला चिकटून दिसला तो ठिपका म्हणजे त्याचा जोडतारा; दोघं एकमेकांभोवती फिरतात. तिथे कोणी मालक नाही, कोणी सवत नाही. जड तारा लहान फेरा घेतो, हलका मोठा. थांबून कोणीच राहत नाही. देवानंच असं रचलं, त्यात माझा काय गुन्हा?

गेल्या चतुर्थीला बनाबाईंनी मला भंगारवाल्यासाठी ओट्यावर काढलं. काजल आडवी आली. “एक डाव पाहा, आत्याबाई. मंग द्या.”

उपास सोडायला चंद्र उगवायचा होता. तोवर काजलनं मला वसिष्ठावर रोखलं आणि ते दोन तारे सतत फिरत असतात असं सांगितलं. बनाबाईंनी डोळा लावला.

“कोणाभोवती फिरतेत हे?”

“मधातल्या रिकाम्या जागेभोवती. दोघंही.”

“म्हंजे नवराही फिरते? आमचे तं खाटेवरून हालत नव्हते!”

दोघी हसल्या. मग बनाबाई हळूच म्हणाल्या, “तुले म्या मांडवात अपशकुनी म्हणलं, पोरी. मांडवातच वापस घेईन.”

मित्रांनो, ज्याला नावं ठेवाल त्याला आधी नीट डोळा लावून पाहा. मग खुशाल भंगारात द्या.

आज शेजारच्या योगिनीचं लग्न आहे. दिवेलागणीला बनाबाईंनी देवापुढे दिवा लावला, मला कुंकू लावलं, काखेत घेतलं आणि कोणाला न सांगता मांडवाची वाट धरली.