सोबत घरचं माणूस हवं

पोझेगाच्या बसस्थानकावर तिहोमिर आणि त्याची आई पाच वाजून दहा मिनिटांनी उतरले. बैठक सहाला होती. खिशात डॉक्टरांची चिठ्ठी होती: दारू सोडणाऱ्यांचा क्लब, दर गुरुवारी, ग्रंथालयामागची इमारत, पहिला मजला. शेवटच्या ओळीखाली रेघ मारलेली होती. सोबत घरचं माणूस हवं, एकट्याला घेत नाहीत.

बायको दोन वर्षांपूर्वी निघून गेली होती. म्हणून घरचं माणूस म्हणजे आई, श्टेफित्सा, वय अठ्ठ्याहत्तर. लाकूडगिरणीच्या मॅनेजरने तिहोमिरला बजावलं होतं, सोमवारी क्लबच्या सहीचा कागद आण, नाहीतर करवतीजवळ फिरकू नकोस. दारू बंद केल्याचा आज सातवा दिवस होता. हात अजून थरथरत होते.

ग्रंथालयामागच्या इमारतीला कुलूप होतं. दारावर कागद होता, 'क्लब हलवला आहे'. कुठे, ते लिहिलेला कोपरा फाटून गेला होता.

"कुणाला तरी विचारू या," आई म्हणाली.

"काय विचारणार?"

"दारुड्यांचा क्लब कुठे भरतो म्हणून."

"हळू बोल गं."

"पिऊन चर्चच्या पायऱ्यांवर झोपलास तेव्हा लाजला नाहीस. आज शुद्धीवर आहेस तर लाजतोस होय रे?"

चौकात उघडं असं एकच होतं, दारूचा गुत्ता. आईने त्याला समोरच्या बाकावर बसवलं, आपली पिशवी मांडीवर दिली. "तू आत यायचं नाहीस," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

पिशवी जड होती. अक्रोडाच्या रोलखाली स्वयंपाकघरातल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली त्याच्या बोटांना लागली. घरी गाळलेली प्लमची राकिया. कुणासाठी, हे त्याला विचारावं लागलं नाही. डॉक्टर असो, पाद्री असो की ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, कुणाच्याही दारात श्टेफित्सा रिकाम्या हाताने जात नसे. ही क्लबच्या प्रमुखासाठी होती.

गुत्त्यात चौघेजण वाइनमध्ये सोडा घालून पीत बसले होते.

"दारू सोडणाऱ्यांचा क्लब? आजी, तो इथेच भरतो की," एक जण म्हणाला. "आम्ही रोज सोडतो."

"आणि रोज परत धरतो," दुसरा म्हणाला.

"तुझ्या आईला ठाऊक आहे का, तू इथे असतोस?" श्टेफित्साने विचारलं. मालकीण ग्लास पुसत होती. तिने ग्लास खाली ठेवला आणि आजीला खिडकीशी नेऊन हळूच सांगितलं, "अग्निशमन दलाचं सभागृह. बाजूच्या जिन्याने वर जा. माझा नवरा जातो तिथे."

खिडकीतून चौक दिसत होता. बाकही.

तिहोमिरने बूच काढलं होतं. वास नाकात शिरला तसं तोंडाला पाणी सुटलं. एकच घोट, हात थांबेल, मग बैठकीत नीट बोलता येईल, असं त्याच्या मनात आलं. बाटली हनुवटीपर्यंत आली. काचेचा गारवा ओठाला लागला. तो तसाच बसून राहिला, किती वेळ ते त्याला कळलं नाही. मग त्याने बाटली खाली घेतली. बूच परत बसवायला तीन प्रयत्न लागले. तो प्यायला नव्हता.

पण खिडकीत तेव्हा कुणी नव्हतं.

आई आली. तिने पिशवी घेतली, त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. थोडं चालल्यावर कोटाच्या खिशातून पेपरमिंटची गोळी काढली.

"हे चघळ."

"कशाला?"

"चघळ म्हणते ना."

त्याने गोळी तोंडात टाकली आणि मग त्याच्या लक्षात आलं, तिने खिडकीतून पाहिलं असणार; गोळी दारूचा वास झाकायला होती.

सभागृहात अकरा माणसं गोल बसली होती, बहुतेक जोडीने. प्रमुख व्येकोस्लाव, रेल्वेतून निवृत्त झालेला, दारापर्यंत आला. हात मिळवताना क्षणभर थांबला.

"पेपरमिंट," तो म्हणाला. एक बाई हसून म्हणाली, "दादा, या खोलीत तो वास सगळ्यांना कळतो."

"घसा बसलाय त्याचा," आई म्हणाली.

"बरं. आजी, आमच्याकडे प्रश्न आधी घरच्यांना विचारतात. हा सात दिवस प्यायलेला नाही ना?"

"थेंबसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांदेखत आहे." गिरणीत फोन करून 'तापाने फणफणलाय' म्हणतानाचाच हा आवाज होता. वीस वर्षं तिहोमिर तो ऐकत आला होता. नुसतं गप्प राहिलं की सही मिळणार होती.

"आई, तू खिडकीतून पाहिलंस."

"मी काही पाहिलं नाही."

"पिशवीत राकिया आहे," तो व्येकोस्लावला म्हणाला. "तुमच्यासाठी आणलीय तिने. मी उघडली. ओठाला लावली. प्यायलो नाही."

व्येकोस्लाव आईकडे वळला. "आजी, हा खरं बोलतोय?"

श्टेफित्साने पिशवीचे पट्टे मुठीत धरले. मुलाकडे पाहिलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी पाहिलं तेव्हा ती तोंडाशी होती. मग मी तोंड फिरवलं."

व्येकोस्लावने दोन खुर्च्या ओढल्या. "बसा. सहीचं शेवटी बघू. आमच्यात घरही कोरडं लागतं, आजी. घरात राकिया किती आहे?"

"थोडीशी."

"आई," तिहोमिर म्हणाला.

ती खुर्चीवर बसली, पिशवी पायाशी ठेवली.

"साठ लिटर."