सैल उशी आणि साडेतीन हजार लेख

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे, पण माझ्यावर डोकं ठेवून झोपायला कुणालाच परवानगी नव्हती. स्पंजाच्या कारखान्यातल्या माझ्या बहिणी सोफ्यांत जाऊन सुखाने लोळल्या. मला मात्र पाचरीसारखं कापून मेंदूची चित्रं काढणाऱ्या यंत्रात धाडलं. ते यंत्र म्हणजे आडवी पाडलेली विहीर! चालू झालं की असं धडधडायचं, की शेजारच्या इमारतीतली घड्याळं दचकून दहा मिनिटं पुढे पळायची. खोटं वाटत असेल तर त्या घड्याळांना विचारा.

आत झोपलेल्याचं डोकं कानापाशी घट्ट धरायचं, एवढंच माझं काम. डोकं तांदळाच्या दाण्याएवढं जरी हललं, तरी चित्र बिघडतं आणि मेंदूचे लांबलांबचे भाग एकमेकांशी नीट जोडलेलेच नाहीत, असं दिसू लागतं.

पहिल्या वर्षी घडाघडा बोलणारी मुलं आली. मी तेव्हा करकरीत होते. “काय पकड आहे हिची!” यंत्र चालवणारे काका म्हणायचे, आणि मी आणखी फुगायचे. पुढच्या दोन वर्षांत माझ्यावर इतकी डोकी टेकली, की मी पार चेपून गेले. आणि नेमकी तेव्हा बोलताना अडखळणारी मुलं आली. त्यांत हा अभ्यास करणाऱ्या संशोधक बाईंची नऊ वर्षांची भाचीही होती.

“मा... मावशी, उ... उशी स...”

“हो गं राणी, सुंदर आहे उशी. आता तोंड बंद, डोळे बंद.”

ती ‘सैल’ म्हणत होती. मला कळलं, पण मला तोंड कुठलं?

बाईंचा लेख छापून आला: अडखळणाऱ्या मुलांच्या मेंदूतले दूरचे भाग एकमेकांशी कमी जोडलेले असतात. बघता बघता जगभरच्या साडेतीन हजार लेखांनी त्याचा आधार घेतला. लेख चौकटीत बसून भिंतीवर गेला आणि मी यंत्रामागच्या धुळीत गेले. पुढे त्याच लेखावरून एक टोपी तयार झाली. ती डोक्यावर चढवायची आणि मेंदूत विजेचा बारीक प्रवाह सोडायचा, म्हणजे म्हणे ते दूरचे भाग जोडले जातात आणि अडखळणं थांबतं. पहिला मान भाचीचा.

तिला टोपी चढवायची त्याच दिवशी सकाळी झाडताना मी काकांच्या हाती लागले. त्यांनी मला दाबलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“मॅडम, त्या मुलांच्या वेळी हीच होती. हिच्यात जीवच नाही हो.”

“साडेतीन हजार जणांनी आधार घेतलाय. ते काय सगळे वेडे?”

“वेडे कशाला असतील? पण त्यांच्यातल्या एकानेही ही उशी दाबून बघितली नाही.”

बाई तावातावाने स्वतःच यंत्रात जाऊन झोपल्या, कानापाशी मी. चित्रं निघाली. संगणकाने बाईंना सरळ अडखळणाऱ्यांच्या गटात टाकलं.

“आणि तुम्ही तर तास तास भाषण ठोकता,” काका हळूच म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पडदा बंद केला. “चित्रं पुसा,” त्या म्हणाल्या. “उशी कपाटात टाका. आणि हे कुठे बोलू नका.”

“अहो, पण ती पोर...”

“काका, पुसा म्हटलं ना.”

कपाटाच्या भिंतीपलीकडेच टोपीची खोली. मला सगळं ऐकू येत होतं.

“मा... मावशी, ह्या टोपीने मी न... नक्की ब... बरी होईन ना?”

या वेळी बाईंनी तिचं वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “हो.”

आणि टोपी गुणगुणू लागली.

मित्रांनो, उद्या तुमचंही नाव भिंतीवर लागेल. लागू दे. पण त्याआधी ते नाव ज्या वस्तूंवर टेकलंय, त्या एकदा आपल्या हाताने दाबून बघा. आणि ‘चुकलंय’ असं कुणी सांगायला आलं, तर त्याला कपाट दाखवू नका. इथे आता जागाही उरलेली नाही. माझ्या शेजारी आणखी तीन उशा आहेत. कुठल्या लेखातल्या, असं मी रोज विचारते. त्या अंग चोरून बसतात.