ताण्याची बाजू

इंदुताई बोकारेंनी प्रयोगशाळेतली हायड्रोजनची झडप बंद केली, तेव्हा घटाच्या विजेवर चालणारा टेबलावरचा छोटा दिवा आधीच मंदावला होता. त्यांनी वहीत वेळ लिहिली : अकरा वाजून दहा मिनिटं. म्हणजे आजही पाऊण तासच.

"सुकली?" मागून देवाजींनी विचारलं.

"सुकली."

सुकली होती ती घटाच्या मधली पातळ पापडी. एका बाजूनं हायड्रोजन, दुसऱ्या बाजूनं हवा. दोन्ही एकमेकांना भेटतात आणि वीज तयार होते, पाणीही. पण मधली पापडी ओली राहिली तरच. परदेशातून मागवलेली ही शेवटची पापडी होती, आणि नागपुरात १९८५ सालचा एप्रिल तापत होता. बाहेरची हवा आत गेली की पापडीतला ओलावा शोषून घेई. त्यासाठी इंदुताईंनी हवा कोमट पाण्यातून नेणारी एक यंत्रणा बसवली होती : काचेचं भांडं, तापवायची तार, तिचं तापमान राखणारं उपकरण. कॉलेजातला विजेचा दाब वरखाली झाला की ती एक तर पापडी बुडवी किंवा कोरडी ठेवी. दिल्लीची समिती अकरा मेला येणार होती. घट सलग सहा तास चालला नाही तर प्रकल्प बंद.

देवाजी नंदनवार कॉलेजच्या वर्कशॉपात तेवीस वर्षं मेकॅनिक होते. हातमागावर वाढलेला माणूस. माग सुटला, तरी बोटं तशीच राहिली होती. ते घटातून बाहेर येणाऱ्या नळीकडे बघत उभे होते. तिच्या तोंडाशी थेंब जमत होते.

"बाई, एक इचारू काय? हे पाणी या घटानंच बनवलं ना?"

"हो."

"मंग बाहेर जाते त्या हवेची ओल आत येते त्या हवेले काहून देत नाही?"

इंदुताईंनी वळून नळीच्या तोंडाचे थेंब पाहिले. मग त्यांनी वहीचं नवं पान काढलं.

आठवड्याभरात देवाजींनी दोन जाड प्लास्टिकच्या पाट्यांवर पन्हळी कोरल्या. मध्ये सेलोफेनचा ताव, अशी बंद पेटी. एका बाजूनं ओली हवा बाहेर जाई, दुसऱ्या बाजूनं कोरडी हवा आत येई; ओल तावातून पलीकडे झिरपे. ना तार, ना भांडं, ना विजेची गरज. चार दिवस इंदुताई त्या पेटीकडे पाहून नुसत्या हसत होत्या. इतकं साधं!

पण ताव पन्हळीत फुगून फाटू लागला. देवाजींनी घरून नायलॉनच्या दोऱ्याची विणलेली जाळी आणली, तावाला आधार म्हणून. तरीही तो चार-पाच तासांनी फाटेच, आणि दर वेळी पन्हळीच्या बरोबर मधोमध. समितीला नऊ दिवस उरले होते.

"ही जाळी कोणी विणली?" इंदुताईंनी विचारलं.

"घरी. आमच्या मंडळीनं."

"मला त्यांना भेटायचंय."

देवाजी संकोचले. "बाई, घर लहान हाये."

गोळीबार चौकामागच्या गल्लीत ते घर होतं. अर्धी खोली मागानं व्यापलेली. देवाजींच्या पत्नी गोपिकाबाईंनी हात पुसले, फाटका ताव आणि जाळी घेतली, दाराच्या उजेडात धरली.

"उभी लावली का आडवी?"

"म्हणजे?" इंदुताईंनी विचारलं.

"सांग वं, नीट सांग बाईले," देवाजी म्हणाले.

गोपिकाबाईंनी एक धागा नखानं छेडला. "हा ताणा. मागावर ताणून बसवला राह्यते, म्हणून वाकत नाही. अन् हा बाणा, नुसता मधून गेलेला. ढिला. तुमी पन्हळीवर बाणा आडवा टाकला. त्याच्यावर भार पडला तर तो लवनच. ताणा आडवा टाका. अन् बाणा इतका दाट कायले? हवा अडते. एक सोडून एक काढतो मी."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"मले म्हणाले जाळी पाहिजे. कायसाठी, ते कोणी सांगितलंच नाही."

देवाजी खाली बघू लागले. इंदुताईंनी पर्समधून वही काढली आणि चटईवर मांडी घातली.

"आता सांगते. सगळंच सांगते. मग तुम्ही विणा."

अकरा मेला घट साडेनऊला सुरू झाला. समितीचे प्रमुख मनोहरराव अबोल गृहस्थ होते. दर तासाला उठून दिवा बघत आणि बसत. गोपिकाबाई इंदुताईंच्या आग्रहानं आल्या होत्या, भिंतीलगतच्या स्टुलावर. साडेतीन वाजले. दिवा तसाच होता. मनोहररावांनी अहवालावर लिहिलं : मुदतवाढ, दोन वर्षे. सहीआधी त्यांनी मान वर केली.

"ही पेटी किती दिवस टिकेल?"

इंदुताईंनी देवाजींकडे पाहिलं. उत्तर भिंतीकडून आलं.

"उघडल्याशिवाय कसं सांगू?"

पेटी चालली होती. ती उघडायची काहीच गरज नव्हती. इंदुताईंनी क्षणभर सही बाकी असलेल्या त्या कागदाकडे पाहिलं, मग पाना उचलून देवाजींच्या हातात दिला.

ताव शाबूत होता. गोपिकाबाईंनी जाळी उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले.

"कडेचा एक धागा ढिला झाला. दोन महिने चालन. मंग इथूनच तुटन."

"नक्की?" मनोहररावांनी विचारलं.

"धागा सांगते ना."

मनोहररावांनी कागद पुन्हा पुढे ओढला. "कुठून तुटेल हे आधी सांगणारं कोणी भेटत नाही," म्हणत 'दोन' हा शब्द नीट खोडला, वर 'तीन' लिहिलं आणि सही केली.

गोपिकाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या नखानं तो धागा सरळ करत होत्या.